आवाजाची शेपटं

त्या माणसाचा 'आ' संपला. सवयीने तिने कर्सर लाटेच्या टोकाशी नेला, जिथे आवाज विरत जातो आणि पडद्यावरची निळी रेघ पुन्हा सपाट होते तिथे. आणि कापण्याआधी, रोजच्यासारखंच, पुढचं थोडंसं वाजू दिलं. "छान, काका," रेकॉर्डिंग घेणारी नर्स म्हणाली. "बराच टिकला की श्वास." "हल्ली बोलायला फारसं लागत नाही ना," तो माणूस म्हणाला, "साठून राहिलाय." मग घसा खाकरल्याचा आवाज आला, दोन तुकड्यांत: आधी एक मोठा, आणि त्याच्यामागून एक लहान, जणू मोठ्याची माफी मागायला आलेला. "हे कुणी ऐकतं का पुढे? की नुसतं मशीनच्या पोटात?" "ऐकतात की. तिकडे मोठ्या सेंटरला एक ताई असतात, त्या सगळ्यांचं ऐकतात." "म्हणजे दिवसभर आ आ?" "दिवसभर." "बिचारी," तो म्हणाला, आणि खुर्ची सरकल्याचा आवाज होऊन रेकॉर्डिंग संपलं.

खुर्चीत एक पाय दुमडून बसायची तिची सवय. तो पाय आपोआप खाली आला, चपलेत शिरला. केस कानामागे गेले. पाठ ताठ झाली. हे सगळं होऊन गेल्यावर तिला नवल वाटलं, की आपण हे कुणासाठी केलं? संध्याकाळी शाळेतून परतताना बाबा फाटकाशी असेच खाकरायचे, दोन तुकड्यांत, आणि घरात जो जिथे लोळत असेल तो सावरून बसायचा. अंगाने ओळख आधी दिली होती. मन मागून धापा टाकत आलं, आणि आल्यावरही काही क्षण उंबऱ्याबाहेरच उभं राहिलं. बाबा? बाबांना कोण कशाला खुर्चीत बसवून आ म्हणायला लावेल?

पाच केंद्रांनी मिळून चालवलेलं काम होतं ते. कंपवाताचा आजार हातापायांत दिसू लागण्याच्या कितीतरी आधी आवाजात उतरतो, असा कुणाचा तरी कयास होता. तो खरा की खोटा हे ठरवायला एका हॉस्पिटलची माणसं पुरत नाहीत. हजारोंनी आवाज लागतात, आजारी आणि धडधाकट एकत्र कालवलेले. म्हणून पाच गावांतली पाच केंद्रं माणसांना बसवत, तोंडासमोर माइक धरत आणि सांगत, की खोल श्वास घ्या आणि पुरेल तितका वेळ आ म्हणा. ते सगळे आ तिच्या कानात येऊन पडत. नाव नाही, पत्ता नाही, आजारी की निरोगी तेही नाही. एक क्रमांक, वय, बाई की पुरुष, बस्स. तिने दोन्ही टोकं छाटायची, मधला निखळ आ ठेवायचा, आणि त्याला गुण द्यायचे: आवाज किती खरखरीत, किती हवा गळणारा, किती थरथरता; शून्य म्हणजे मुळीच नाही, तीन म्हणजे फार. तिच्यासारखेच आणखी दोन कान दुसरीकडे बसून तेच आवाज ऐकत. तिघांचं जुळलं की ते आकडे कम्प्युटरला शिकवायला जात. कम्प्युटर शहाणा होईल तेव्हा होईल; तोवर ती होती.

केंद्रांना लांबलचक नावं होती, पत्राच्या माथ्यावर दोन ओळी खाणारी. ऐकणाऱ्याला ती काय कामाची? तिने आपल्यापुरती त्यांची बारशी केली होती. एक पंखेवाले, कारण त्यांच्या प्रत्येक 'आ'च्या मागे एक पंखा टकटकत असे. एक चिडीचूप, श्रीमंत लोक, ज्यांच्याकडे बाहेरचा आवाज आत न येणारी खोली होती. एक खोकलेवाले, ते छातीच्या दवाखान्याला खेटून होते. फ्रीजवाले म्हणजे तिचं स्वतःचंच केंद्र, जिथे रक्ताचे नमुने ठेवायचं कपाट म्हाताऱ्या मांजरासारखं घुरघुरे. आणि एक कॉरिडॉरवाले, ज्यांच्या पार्श्वभूमीला कायम चपला, बादल्या आणि स्ट्रेचरचं एक करकरणारं चाक. त्या चाकाला कुणीतरी तेलाचा थेंब द्या हो, असं तिला दर मीटिंगमध्ये म्हणावंसं वाटे. कॉरिडॉरवाल्यांची आणखी एक खोड होती. बाकीचे लोक आ संपला की बटण दाबत, हे विसरत. माणूस उठून दारापर्यंत गेला तरी यांचं रेकॉर्डिंग चालूच. या लोंबणाऱ्या तुकड्यांना सगळे 'शेपटं' म्हणत. "यांची शेपटं आवरायला सांगा," असं तीही मीटिंगमध्ये म्हणे, त्रासल्यासारखा चेहरा करून. आणि मनात म्हणे, नका सांगू.

कारण दिवसभरात तिच्याशी कुणी बोलत असेल तर ती शेपटंच. झालं? एवढंच? पाणी मिळेल का घोटभर? माझा आवाज पूर्वी असा नव्हता हो. एक आजी आ म्हणून झाल्यावर त्याच श्वासात दोन ओळी गायली होती आणि "मेला, चढतच नाही आता वर" म्हणून हसली होती. ते हसू तिने कापलं त्या दिवशी तिला उगाचच हात धुवावेसे वाटले. नवरा पुलांच्या कामावर, नदी असेल तिथे. महिन्यातून एकदा उन्हाने रापून घरी येई आणि दोन दिवस झोपून परत जाई. मुलगी बोलायला लागली नव्हती. तिला सांभाळणाऱ्या मावशी दारातच चपला सरकवत "झोपली नाही, खाल्लं नाही, शी केली" असा तीन कलमी वृत्तांत देऊन पसार होत. शेजारच्या टेबलावर मेंदूच्या चित्रांचं काम करणारी एक मुलगी होती, गमतीदार, ती रोज विचारी, "काय गं, गायलं का कुणी आज?" पण उत्तर येईपर्यंत तिचं लक्ष पुन्हा चित्रात गेलेलं असे. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. सगळे चांगले होते. फक्त, दिवसभर एवढी माणसं कानात येऊन तोंड उघडत, आणि ती त्यांच्यातल्या एकालाही "हो का?" असं म्हणू शकत नसे.

कॉरिडॉरवाले तिच्या माहेरच्या गावचे होते, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच हॉस्पिटलात आई गेली होती. मग ती शेपटं ऐकत होती ती कशासाठी, हा प्रश्न आज प्रथमच तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि तिने त्याच्याकडे पाहणं टाळलं. काम सुरू करताना सगळ्या ऐकणाऱ्यांना एक नियम सांगितला होता: आवाज ओळखीचा वाटला तर हेडफोन काढायचा, हात बाजूला घ्यायचे आणि तसं सांगायचं, तो आवाज संग्रहातून बाद होईल. तेव्हा सगळे हसले होते. नुसत्या 'आ'वरून कोण कुणाला ओळखणार? आता तिने हेडफोन काढला नाही. तिने रेकॉर्डिंग मागे नेलं आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. आणखी एकदा. वय बाबांचंच होतं. आ सुरू होताना किंचित चाचपडत होता, अंधारात पायरी शोधणाऱ्यासारखा, मग सापडून स्थिर होत होता. मध्ये एका जागी, श्वास निम्मा सरल्यावर, रेघेत बारीक सुरकुती होती. होती का? की ते स्ट्रेचरचं चाक? दुसऱ्या कुणाचा आवाज असता तर तिने एका क्षणात सांगितलं असतं. गुणांचे तीन चौकोन पडद्यावर रिकामे उभे होते. आणि रिकाम्या चौकोनांकडे बघता बघता तिच्या लक्षात आलं, की बाबांचा एवढा लांब आवाज आपण आयुष्यात सलग ऐकलेला नाही.

शाळेत ऐकला होता, पण तो आपला नव्हता. बाबा भूगोल शिकवायचे. ती पाचवीत असताना त्यांचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला भरे आणि त्यांचा आवाज सगळ्या खिडक्यांतून वाहत येई: नद्या, त्यांच्या उपनद्या, मुखाशी साठणारा गाळ. तिच्या वर्गातली मुलं कोपराने ढोसत म्हणत, "तुझे बाबा आले बघ समुद्रापर्यंत." मान खाली घालून ती ऐकत राही. मागच्या बाकापर्यंत पोचणारा, भरीव, जराही घाई नसलेला आवाज. तो सगळा तिथेच सांडून ते घरी येत. घरी हं, बरं, असू दे. "अहो, बोला की जरा," आई म्हणे, "शाळेत काय पगार बोलण्याचाच मिळतो, म्हणून घरी संप?" बाबा हसत. आई दोघांच्या वाटचं बोले. पुढे ती लग्न होऊन लांब आली तेव्हा फोनही आईचाच असे, अर्धा तास आई, आणि शेवटी "घ्या, बोला लेकीशी" म्हणून हातात कोंबलेल्या फोनवर बाबांचं एक वाक्य: "बरी आहेस ना? ठेवतो." आई गेल्यावर फोन तोच राहिला, त्यातली आई तेवढी वजा झाली. आपलं काम काय आहे हे तिने त्यांना कधी नीट सांगितलं नव्हतं. "कम्प्युटरवर असतं," एवढंच. त्यांनीही विचारलं नव्हतं. आणि आता परक्या नर्सला ते सांगत होते, की श्वास साठून राहिलाय. घरात आईला चेष्टा करूनसुद्धा कधी काढून घेता आलं नसतं असलं वाक्य त्यांनी एका माइकला देऊन टाकलं होतं.

घरी आली तेव्हा मावशी पर्स खांद्याला लावूनच उभ्या होत्या. मुलीला मांडीवर घेऊन ती मऊ भात भरवायला बसली. "आ कर. मोठ्ठा आ." मुलीने ओठ घट्ट मिटले. "आ कर गं, सोन्या. हे बघ, आई करते, आ..." आणि स्वतःच्याच तोंडातून निघालेला तो स्वर तिच्या कानाने टिपला, मोजला, त्याला गुण देऊन टाकले. तिला स्वतःची शिसारी आली. मुलीला गंमत वाटली असावी. तिने आईच्या उघड्या तोंडात आपली भाताने माखलेली बोटं घातली. तशीच, एका हाताने मुलगी सावरत, दुसऱ्या हाताने तिने बाबांना फोन लावला.

"हां, बोल."

"काय करताय?"

"बसलोय."

"जेवलात?"

"अजून अवकाश आहे." आणि मग, इथे नेहमी येतं तेच: "बरं, मग—"

"बाबा, ठेवू नका ना. काहीतरी सांगा."

"काय सांगू?"

"काहीही. दिवसभर काय केलंत ते."

पलीकडून खाकरणं आलं, मोठं आणि लहान. आणि बाबा बोलायला लागले. विश्वास बसू नये असे बोलायला लागले. समोरच्यांनी घराला रंग काढलाय, इथपासून काहीतरी सुरू झालं. तिने डोळे मिटले, फोन कानाशी घट्ट दाबला आणि ऐकू लागली. पट्टी खाली गेली होती. वाक्याच्या शेवटी हवा उरत नव्हती, शेवटचे शब्द ओलाव्यावर फुंकर घातल्यासारखे येत होते. खरखर: एक. हवा: एक; नाही, दोन. आता एखादा लांब स्वर येऊ दे. आला. थरथर आहे? फोनवरूनही असं येतं कधी कधी. पुन्हा येऊ दे. बाबा बोलत होते, मध्ये एकदा थांबले, पुन्हा धीर करून पुढे गेले, आणि ती त्या थांबण्याची लांबी मोजत होती, त्यानंतरच्या पहिल्या अक्षराला लागलेला जोर जोखत होती. दिवसभर केलं तेच करत होती, फक्त जास्त जीव ओतून. मग आवाज टोकाशी वर चढला आणि तिथेच थांबून राहिला. वाट बघत.

"...मग, काय म्हणतेस?"

"हं," ती म्हणाली. "बघू ना."

"बरं," बाबा म्हणाले. "तसं काही नाही. सहज विचारलं. ठेवतो."

फोन खाली ठेवल्यावर मुलीच्या हनुवटीवरचा भात पुसताना तिला उमगलं, की आपण कशाला "बघू" म्हणालो ते आपल्याला माहीत नाही. तिने आठवायचा प्रयत्न केला. सगळं आठवत होतं. श्वास कुठे घेतला, आवाज कुठे फाटला, शेवटचा चढ केवढा होता. कागद दिला असता तर तिने त्या प्रश्नाची लाट काढून दाखवली असती. शब्द मात्र एकही नव्हता. रंगाचं घर, आणि मग सरळ तो चढ. जगात इतर कुणी अशी चूक केली नसती. बहिऱ्याने केली नसती, दुष्टाने केली नसती. बाप बोलत असताना त्याच्या गळ्याकडे इतकं बघायचं, की तो काय मागतोय ते ऐकूच येऊ नये. कारण तो मागत होता, एवढं तिला नक्की कळलं होतं. सूर मागण्याचाच होता. आणि तिने त्याला म्हटलं होतं, बघू ना.

तिने पुन्हा फोन लावला. "बाबा, मघाशी काय विचारलंत?" "काही नाही गं. झालं ते." "सांगा ना." "अगं, सहज होतं. पोरीला झोपव आता." वर्गातही ते प्रश्न एकदाच सांगत. ज्याचं लक्ष नव्हतं त्याने शेजाऱ्याला विचारावं, अशी पद्धत होती. शेजारी कोण होतं आता? आई असती तर तिने मागून ओरडून सांगितलं असतं, "अगं, ते काय म्हणतायत माहितीये का..."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संग्रह गोठवायचा होता. म्हणजे त्या घटकेला जे आवाज आणि जे गुण असतील ते तसेच पाचही केंद्रांकडे जाणार. मग कुणाला काही घालता येणार नाही की काढता येणार नाही. सकाळपासून ती त्या तीन चौकोनांसमोर बसून होती. थरथरीच्या घरात तिने शून्य लिहिलं, आणि ते मायेचं शून्य आहे हे तिला दिसलं. खोडून दोन लिहिलं. ते भीतीचं होतं. कान खोटं बोलायला लागला होता, आणि कानाशिवाय तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. सांगितलं तर आवाज बाद होणार. हजारोंतला एक, कुणाला पत्ताही लागणार नाही. पण बाबा कपडे करून, बसने जाऊन, त्या कॉरिडॉरमध्ये ताटकळून, जगातल्या अनोळखी माणसांना उपयोग व्हावा म्हणून तो एवढा श्वास देऊन आले होते. तो आपण फेकायचा? आणि न सांगितलं तर? न सांगितलं तर सगळं सोपं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत तो क्रमांक काढून ऐकता येईल. बाबांशी न बोलता बाबा मिळतील. त्यांना काही विचारायला नको, त्यांना काही सांगावं लागायला नको. हे सुख किती जुन्या ओळखीचं आहे, असं तिला वाटलं. व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज येतोय आणि आपण मान खाली घालून बसलोय. आवाज समुद्रापर्यंत गेला तरी आपल्याला उठावं लागत नाही.

ती उठली. आकडेवाले सर त्यांच्या खोलीत चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसत होते. पाचही केंद्रांचे आकडे जुळवायचं काम त्यांचं. माणूस सरळ, पण कुणी दारात उभं राहिलं की काहीतरी बिघडलं असणार अशी त्यांची खात्रीच झालेली.

"सर, एक आवाज माझ्या ओळखीचा निघाला."

"'आ'वरून?" त्यांनी चष्मा चढवला. "काय सांगता! लेखच लिहा की त्याच्यावर."

"'आ'वरून नाही. शेपटावरून."

"तरी मी त्या कॉरिडॉरवाल्यांना कानीकपाळी ओरडून..." ते थांबले. "पण शेपटं तुम्ही कापता ना?"

"कापते. ऐकून कापते."

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. रागावतील असं तिला वाटलं होतं. "कोण आहे?"

"वडील."

"हात्तिच्या," सर म्हणाले, आणि मग त्यांना आपलं हे बोलणं बरोबर वाटलं नसावं. "म्हणजे... बसा ना. क्रमांक सांगा." तिने सांगितला. त्यांनी तो शोधला, दोनदा ताडून पाहिला. "काढावा लागेल. आणि पुढचं ठरेपर्यंत तुम्हाला ऐकायच्या कामावर ठेवता येणार नाही, ते तुम्हालाही ठाऊक आहे."

"हो. सर, ते कुठल्या गटात—"

"त्या कुलपाची किल्ली माझ्याकडेही नसते, ताई. आणि असती तरी ते उघडलं नसतं." बटणावर बोट ठेवून ते घुटमळले. "अहो, पण तुम्ही त्यांनाच का नाही विचारत? माझ्याकडे एवढे हजारांनी लोक आहेत, आणि एकाचाही फोन नंबर नाही. तुमच्याकडे आहे की."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक ओळ नाहीशी झाली आणि खालच्या ओळी एकेक घर वर सरकल्या, बाकावर कुणी उठल्यावर बाकीची मुलं सरकून बसतात तशा. आवाज झाला नाही.

दुपारची ती कधी घरी नसे. घरात ऊन होतं, तिला अनोळखी असलेल्या जागी पडलेलं. तिच्या पश्चात रोज हे इथे येऊन बसतं तर, असं तिला वाटलं. मावशींना लवकर सुट्टी मिळाल्याचा आनंद लपवता आला नाही. मुलगी झोपून नुकतीच उठली होती, गाल उशीच्या सुरकुत्यांनी रेखलेला. तिला कडेवर घेऊन तिने फोन लावला, आणि बाबांनी "हां, बोल" म्हणायच्या आतच म्हणाली, "बाबा, तुम्ही आ म्हणायला गेला होतात ना."

पलीकडे खुर्ची सरकली. मग: "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. दिवसभर ऐकणारी ती ताई मी आहे. बिचारी."

"अगं..." बाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "अगं..." आणि मग तिच्या लक्षात आलं की ते हसतायत, आवाज न करता, खांद्यांनी हसायचे तसे. "मग? किती मार्क दिलेस?"

"दिले नाहीत. घरच्या माणसाचा पेपर तपासता येत नाही."

"बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "नियमच आहे तो."

"बाबा, आजारी लोकांत धरलंय तुम्हाला, की धडधाकटांत?"

आता ते हसत नव्हते. ती थांबली. शांतता भरून काढायला तिच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या होत्या, त्या तिने गिळल्या. मुलगी फोनच्या मागच्या बाजूला नखाने खरवडत होती. तो आवाज बाबांना ऐकू जात असणार.

"डाव्या हाताचं आहे थोडं," बाबा म्हणाले. "शर्टाच्या गुंड्या लावायला वेळ लागतो. पाऊल कधी कधी उचलायचं विसरतं. गोळ्या चालू आहेत. घाबरण्यासारखं नाही म्हणतात."

"मला का नाही सांगितलंत?"

"फोनवर काय सांगायचं? आणि तू लहान मूल घेऊन एकटी." मग: "सांगणार होतो. कसं सांगायचं ते तुझ्या आईला ठाऊक असायचं."

तिने मुलीच्या केसांत तोंड खुपसलं आणि बाहेर काढलं. "बाबा, काल तुम्ही मला काहीतरी विचारलंत. मी ऐकलं नाही. म्हणजे तुमचा आवाजच ऐकत बसले, आवाज ठीक आहे ना, तेवढंच, आणि शब्द राहून गेले. मी 'बघू' म्हटलं ते कशाला म्हटलं मला माहीत नाही. चूक झाली. परत विचारा."

"काही नव्हतं गं."

"परत विचारा, बाबा."

खाकरणं आलं, मोठं. लहान आलं नाही.

"तुमच्या बिल्डिंगचा जिना कसा आहे, म्हणून विचारलं होतं," बाबा म्हणाले. "कठडा दोन्ही बाजूंनी आहे का."

ताकाला जाऊन भांडं लपवायची बाबांची जुनीच खोड. पण आज भांड्याचा काठ पदराबाहेर आला होता. या जिन्याने ती रोज दोन मजले चढते, कडेवर मूल, हातात पिशवी, तोंडात किल्ली. आणि कठडा कुठे आहे ते तिला सांगता येत नव्हतं.

"थांबा हं. बघून सांगते. ठेवू नका."

"नाही ठेवत."

ती अनवाणीच बाहेर आली. फोन खांद्याने कानाशी धरला. जिन्यात ऊन नव्हतं, पण वरच्या झरोक्यातून उजेड येत होता आणि पायऱ्यांच्या कडा झिजून मध्ये खोलगट झालेल्या त्यात स्पष्ट दिसत होत्या. एका बाजूला लोखंडी कठडा होता, थंड, एक गज हललेला. दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. भिंत होती, पोपडे न धरलेली, खरबरीत. मुलीला तिने घट्ट धरलं, मोकळा हात भिंतीवर टेकवला आणि एक पायरी उतरून पाहिली. तळवा घसरला नाही. आणखी एक उतरली. मुलीनेही वाकून आपला हात भिंतीला लावला.

"बाबा, एकाच बाजूला आहे कठडा. उतरताना उजव्या हाताला."

"म्हणजे चढताना डाव्या."

"हो. दुसरीकडे नुसती भिंत आहे."

बाबा विचार करत होते. तिच्या कानात त्यांचा श्वास येत होता, आणि तो किती लांब आहे ते तिने मोजलं नाही.

"भिंत चालेल," बाबा म्हणाले.